जुन्या मिनीचे इंजिन फाउंडेशन आणि स्टेडी बार: प्रकल्प नोंदी

गाडी मॉरिस मिनी, साठच्या दशकातली, ८४८ सीसी. काम कोथरूडला, सोसायटीच्या पार्किंगमध्ये. ग्राइंडर लावायचा असेल तर आधी सेक्रेटरींना फोन. पुण्यात आणि मुंबईत थोड्या का होईना मिनी अजून चालतात, आणि सगळ्यांची रड तीच असते, म्हणून हे लिहून ठेवतोय.

१२ जानेवारी २०२५

तक्रारी जुन्याच आहेत. पहिल्या गिअरला क्लच सोडताना गाडी थरथरते आणि बॉनेटखाली ठक्क वाजतं. ॲक्सिलरेटर सोडला की पुन्हा ठक्क. गिअरचा दांडा चालत्या गाडीत नाचतो. आमच्या मॉडेलला तो लांब वाकडा दांडा थेट गिअरबॉक्सच्या शेपटीत जातो, मध्ये लिंक वगैरे काही नाही, त्यामुळे इंजिन हललं की दांडा ते वाढवून सांगतो. चौथी तक्रार खर्चाची. मॅनिफोल्ड (इंजिनातला धूर बाहेर काढणारा भाग) आणि सायलेन्सरचा पहिला पाईप जिथे जुळतात तिथला क्लॅम्प टिकत नाही आणि पाईपला त्याच जागी चीर जाते. वेल्डिंगवाला हल्ली गाडी वळताना दिसली की नुसता हसतो.

आज तपासणी. हँडब्रेक ओढून, चाकांना विटा लावून, बायकोला ड्रायव्हर सीटवर बसवलं. क्लच जेमतेम पकडेल इतका सोडायचा आणि परत दाबायचा. मी फेंडरच्या बाजूने बघत होतो. गाडीच्या समोर उभं राहून ही तपासणी करू नका. इंजिनाचा माथा चांगला दोन बोटं मागेपुढे जात होता.

थोडं कारण सांगणं भाग आहे, नाहीतर पुढच्या नोंदी कळणार नाहीत. मिनीचं इंजिन आडवं. खाली त्याला दोनच फाउंडेशन, म्हणजे पत्र्यांना रबर चिकटवलेल्या बैठका, एक डावीकडे रेडिएटरच्या अंगाला, एक उजवीकडे क्लच कव्हरखाली. दोन्ही एका रेषेत. म्हणजे इंजिन त्या रेषेवर झोपाळ्यासारखं पुढेमागे डोलायला मोकळं. त्याला आवरतो तो वरचा स्टेडी बार, एक टोक ब्लॉकला, दुसरं फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) बाजूला, दोन्ही टोकांना रबरी बुश. वजन फाउंडेशनने पेलायचं आणि डोलणं बारने थांबवायचं, अशी कामाची वाटणी. नंतरच्या गाड्यांना खालूनही एक बार दिला आहे, आमच्या गाडीला तो नाही.

१९ जानेवारी

बार काढला. बॉनेट उघडलं की हाच समोर दिसतो, दोन बोल्टवर सुटतो, म्हणून सगळे इथूनच सुरुवात करतात. आम्हीही केली. फायरवॉलकडचा बुश चिरलेला. ब्लॉककडे बुश असा उरलाच नव्हता, मधली स्टीलची नळी तेवढी मोकळी फिरत होती आणि बोल्टच्या दांडीला पायरी पडली होती. बार काढल्यावर इंजिन चालू करू नका, आणि गाडी ढकलायची असेल तर गिअरमध्ये ठेवून ढकलू नका.

नाना पेठेत स्पेअरच्या दुकानात जुना बुश काउंटरवर ठेवला. दुकानदाराने तो अंगठा आणि बोटात धरून दाबला, वास घेतला आणि म्हणाला, "साहेब, मिनी-बिनी विसरा. हा घ्या शॉकअपचा बुश. आतलं माप जुळतंय, बाहेरून कानसून घ्या." १२० रुपयांत जोडी. बाहेरून घासून बसवले. ठक्क बंद. कर्वे रोडच्या सिग्नलला गाडी शहाण्यासारखी उभी राहिली. मिस्त्री मामांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "बघू, किती दिवस."

२ फेब्रुवारी

ठक्क परत आलं. बार काढला तर शॉकअपचे बुश फुगून मऊ झालेले, नख रुततं. बोट लावलं की काळं ऑइल. प्रश्न बुशच्या दर्जाचा नव्हताच. ऑइल कुठून येतंय हा होता. शिवाय बोल्ट परत घालताना बारचं भोक कंसाच्या भोकासमोर येईना. इंजिन पहारीने ढकलून बोल्ट घालावा लागला. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

उजवं चाक काढून व्हील आर्चमधून टॉर्च मारली. उजवं फाउंडेशन संपलेलं. रबर वरच्या पत्र्यापासून सुटलं होतं आणि खालच्या बाजूला त्याचा डांबरासारखा चिकट लगदा झाला होता. इंजिनाचं ते टोक खाली बसलंय, म्हणजे बारवर चोवीस तास तिरका ताण. नवा बुश घातला काय, त्याच्यावर तोच ताण. डावं फाउंडेशन कोरडं, पण कडेने भेगा.

मामांचं म्हणणं होतं की वरचा क्लच स्लेव्ह सिलिंडर (पेडल दाबलं की ऑइलच्या दाबाने क्लच सोडवतो तो) गळतोय आणि त्या ऑइलने रबर खाल्लं. मला पटलं नाही. ब्रेक-क्लचचं ऑइल नैसर्गिक रबराचं विशेष काही बिघडवत नाही, ते रंग उचकटतं. रबराचा लगदा करतं ते इंजिन ऑइल. दोघांनी मिळून ती बाजू डिझेलने धुतली, कोरडी केली, वरून टाल्कम पावडर मारली आणि इंजिन दहा मिनिटं चालवलं. पांढऱ्या पावडरीत एक काळी रेघ रॉकर कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाच्या, मागच्या कोपऱ्यातून सरळ खाली उतरली. फ्लायव्हील हाउसिंगच्या तळाशी कॉटर पिन अडकवलेलं बारीक भोक असतं, तिथून धार असती तर क्रँकचं सील गेलं असं समजायचं आणि काम फार मोठं झालं असतं. तिथे फक्त ओल होती. सुटलो.

९ फेब्रुवारी

रॉकर कव्हर. दोन नटांवर बसतं, आणि गळायला लागलं की प्रत्येक जण ते नट आणखी आवळतो. त्याने कव्हरची कड नटांखाली आत वाकते आणि कोपरे वर उचलतात, गळती वाढते. आमच्या कव्हरची कड काचेवर ठेवली तर मागच्या कोपऱ्याखालून पोस्टकार्ड जात होतं. लाकडी ओंडक्यावर उलटं ठेवून छोट्या हातोडीने कड सरळ केली, परत काचेवर ठेवून पाहिली, परत ठोकली. या एका कामात सकाळ गेली, पण पूर्ण प्रकल्पातला सगळ्यात कामाचा वेळ हाच. रविवार पेठेतून कॉर्कची शीट आणली, जुनं पॅकिंग ठेवून आखलं, ब्लेडने कापलं. नटांखालच्या रबरी टोप्या नव्या. नट बेताने, टोपी जरा दबेल इतपतच. शीट आणि टोप्या मिळून २१० रुपये.

१६ फेब्रुवारी

फाउंडेशन इथेच बनवता येईल का, याचा शोध. रबर लावून देणाऱ्या एका गाळ्यात जुन्या पत्र्यांवर नवं रबर चिकटवून घेतलं. दिसायला झकास, ९०० रुपये. बाकात (व्हाइसमध्ये) एक पत्रा धरला, दुसऱ्याला पान्याने पीळ दिला, तर रबराची पूर्ण चकती कागद सोलावा तशी सुटली. फाउंडेशनचं रबर नुसतं दाबलं जात नाही, ते आडवं ताणलंही जातं. त्यासाठी पत्रा घासून, त्यावर बाँडिंगचा थर देऊन, कच्चं रबर साच्यात त्याच्याबरोबरच गरम दाबाखाली पिकवावं लागतं. नंतर चिकटवलेलं टिकत नाही. गाडीत बसवायच्या आधी बाकात पीळ देऊन पाहिला म्हणून ९०० वर भागलं.

भोसरीच्या एका मोल्डिंगवाल्याने स्पष्ट सांगितलं, "करतो, पण डाय तुमच्या खर्चाने. दोन नगांसाठी तुम्हीच नको म्हणाल." मी नको म्हणालो.

मिनी १९५९ ते २००० बनत राहिली, त्यामुळे इंग्लंडमध्ये नवी फाउंडेशनं आजही सहज मिळतात, महागही नाहीत. महाग पडतं ते कुरिअर आणि कस्टम्स. मेहुणा मार्चमध्ये येणार होता, त्याच्या बॅगेत दोन फाउंडेशन आणि सायलेन्सरचा क्लॅम्प. डावं-उजवं एकच येतं. घेताना जोडीच घ्या. एक नवं, एक जुनं बसवलं तर इंजिन एका अंगाने उंच बसेल. मेहुण्याने पैसे घेतले नाहीत, त्यामुळे तो आकडा हिशेबात नाही.

१६ मार्च

डावी बाजू. आधी डिकीतल्या बॅटरीची वायर काढली. या काळातल्या मिनीला पॉझिटिव्ह अर्थ असतं, म्हणजे बॉडीला जोडलेली वायर प्लसची. सवयीने मायनसकडे पाना नेला आणि तो बॉडीला लागला तर ठिणगी ठरलेली. बॉडीला गेलेली वायर आधी सोडायची, मग ती कुठलीही असो.

रेडिएटर काढावाच लागतो, डावं फाउंडेशन त्याच्याच खाली आहे. पाणी काढलं, होज सोडले. गिअरबॉक्सखाली जॅक. मिनीचा गिअरबॉक्स म्हणजेच इंजिनाचं चेंबर (ऑइल साठतं तो तळ), ॲल्युमिनिअमचं, जॅकचं टोक थेट लावलं तर चेंबरच फुटायचं. मध्ये जाड फळी हवी. गाडी दोन घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर), जॅक फक्त इंजिनाचं वजन उचलण्यापुरता.

किती उचलायचं याला मर्यादा आहे. स्पीडोमीटरची केबल, थ्रॉटलची केबल, वरचा होज, सायलेन्सरचा जोड आणि आमच्यासारख्या जुन्या मॉडेलला ड्राइव्ह शाफ्टच्या आतल्या बाजूचे रबरी कपलिंग, हे सगळं इंजिनाबरोबर वर जातं. एक जण जॅकवर आणि एक जण टॉर्च घेऊन खाली, असंच करा. सायलेन्सरचा क्लॅम्प आधीच सोडून ठेवला होता, ते बरं झालं.

सबफ्रेमचे बोल्ट गंजून एक झाले होते. एक सुटला. दुसऱ्याचं डोकं गोल झालं, शेवटी ग्राइंडर, सेक्रेटरींना फोन, दहा मिनिटांची परवानगी.

नवे बोल्ट घेताना सांभाळा. मिनीवरचे आटे यूएनएफ (बारीक इंची आटे), माप इंचात, पाने सुताचे (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). अडीच सुताचा बोल्ट आणि ८ मिलिमीटरचा बोल्ट हातात सारखेच वाटतात. ८ मिलिमीटरचा दोन फेरे जातोसुद्धा, आणि मग आटे खाऊन अडकतो. आमच्या गाडीत आधीच्या कुणीतरी हेच करून ठेवलं होतं, ते भोक टॅप मारून साफ करावं लागलं. बोहरी आळीत यूएनएफ हाय टेन्साइल मागितलं की पहिले दोन-तीन दुकानदार मेट्रिक पुढे करतात. नट सोबत न्या, दुकानातच हाताने फिरवून बघा. बोल्ट, नट, स्प्रिंग वायसर मिळून ३४० रुपये.

डावं बसलं. बोल्ट हातानेच घातले, आवळले नाहीत.

२३ मार्च

उजवी बाजू ही खरी परीक्षा. फाउंडेशन क्लच कव्हरला बोल्ट केलेलं आहे, आणि ते बोल्ट नीट हाताशी यायचे तर क्लच कव्हरच बाहेर काढावं लागतं. स्टेडी बार सोडला, क्लचची रिटर्न स्प्रिंग काढली, स्लेव्ह सिलिंडर पाईपसकट बाजूला करून तारेने लटकवला. सिलिंडरचा पाईप उघडायची गरज नाही, म्हणजे ब्लीडिंग (ऑइलमधली हवा काढणं) नाही. छान.

छान राहिलं नाही. मी खाली असताना पुतण्या गाडीत बसून "काका, स्टिअरिंग किती मोठं आहे" म्हणत असताना त्याने क्लच दाबला. स्लेव्हमधला पिस्टन सुटून पार्किंगच्या जाळीपर्यंत गेला आणि ऑइल फेंडरवर. पाणी ओतून लगेच धुतलं म्हणून रंग वाचला, तळहाताएवढा डाग राहिलाच. पिस्टनला ओरखडा नव्हता, पण आता रबरी कप नवा आणि ब्लीडिंगही आलंच. पेडलमागे लाकडाचा ठोकळा अडकवून ठेवा. घरात मूल असेल तर गाडीला कुलूपही.

कव्हर काढताना बोल्टांच्या लांबीत फरक असतो. पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून ज्या जागेचा बोल्ट त्या जागी खोचला. कव्हरच्या आत ऑइलने मळलेली धूळ होती, पण क्लच प्लेटची बाजू कोरडी.

जुनं फाउंडेशन नव्याशेजारी ठेवलं. जुनं जवळजवळ बोटाच्या पेराएवढं बसकं. एवढ्याने इंजिन एका अंगाला कललेलं होतं, आणि सायलेन्सरचा पाईप त्या कललेल्या इंजिनाला जोडून सरळ बॉडीखालून जात होता. चीर का जायची ते इथे कळलं.

३० मार्च, गुढीपाडवा

सकाळी गुढी, दुपारी गाडी.

आवळायचा क्रम महत्त्वाचा. दोन्ही फाउंडेशनचे सगळे बोल्ट ढिले ठेवून जॅक खाली घेतला. इंजिन दोन्ही हातांनी धरून पुढेमागे, डावीउजवीकडे हलवलं आणि त्याला आपोआप बसू दिलं. मग सबफ्रेमचे बोल्ट, मग वरचे. त्यानंतर जुनाच बार नुसता कंसात ठेवून बोल्ट घालून पाहिला. बोटांनी गेला. पहारीशिवाय. फेब्रुवारीत जो अडत होता तोच बोल्ट.

माझ्या मते या कामात दुसरं कुठलंही माप घ्यायला नको. बारचा बोल्ट बोटांनी जात असेल तर फाउंडेशन बरोबर. ढकलून घालावा लागत असेल तर खाली काहीतरी बसलंय, आणि वर कितीही महागडा बुश घातलात तरी तो खाल्ला जाणार. मिनी तपासायला बोलावतात तेव्हा मी आता आधी हाच बोल्ट काढून परत घालून बघतो.

६ एप्रिल

बारचे बुश. बारच्या टोकांचे डोळे (बुश बसतात ती भोकं) अंडाकृती झाले होते, पर्वती इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या लेथवाल्याने ते वेल्डिंगने भरून परत गोल बोअर केले. बुशसाठी पॉलियुरेथेनचा रॉड, कारण त्याला इंजिन ऑइलचा त्रास नाही. आधी ९० शोअरचा (शोअर हे कडकपणाचं माप) कडक रॉड घेतला.

बसवला आणि ठक्क, डोलणं, सगळं गायब. पण आयडलवर आरसा इतका थरथरला की मागची रिक्षा आहे की ट्रक ते कळेना. ग्लोव्हबॉक्समधली किल्ली वाजायला लागली. बायको म्हणाली, "आधी ठक्क होतं ते बरं होतं, निदान अधूनमधून होतं."

१३ एप्रिल

८० शोअरचा रॉड आणला. हा लेथवर टूलपासून पळतो, कापण्याऐवजी दबतो आणि मापात येत नाही. लेथवाला म्हणाला, "थंड करून आणा." रॉड रात्रभर आमच्या फ्रीजरमध्ये, मटारच्या पिशवीशेजारी, आणि सकाळी बर्फाच्या थर्मासमधून पर्वतीला. धारदार टूल, बारीक कट, लांब कुरकुरीत साल निघत गेली आणि तुकडा गरम व्हायच्या आत माप मिळालं.

फायरवॉलच्या टोकाला ८० चे मऊ बुश, ब्लॉकच्या टोकाला आधीचे कडक. थरथर बॉडीत शिरते ती फायरवॉलकडून, म्हणून मऊ तिथे. मधली स्टीलची नळी बुशांच्या एकूण लांबीपेक्षा जराशी आखूड हवी, म्हणजे नट आवळला की बुश बेताने दबतात आणि नळी अडली की नट तिथेच थांबतो. नळी लांब राहिली तर बुश मोकळे वाजतात, फार आखूड झाली तर बुश चेपून दगड होतात. दोन्ही रॉड, बोअरिंग, लेथची मजुरी मिळून २,६५०. कडक रॉडचा उरलेला तुकडा पडून आहे.

२० एप्रिल

सायलेन्सर. पाईपला गिअरबॉक्सच्या बाजूने धरणारी एक पट्टी असते, ती आमच्या गाडीत नव्हतीच. कुठल्या तरी जुन्या दुरुस्तीत काढली आणि परत लावलीच नाही. ती नसली की पाईपचं सगळं वजन आणि हेलकावे मॅनिफोल्डच्या क्लॅम्पवर. तीन मिलिमीटरच्या पट्टीतून नवी वाकवून घेतली. आधी मॅनिफोल्डचा क्लॅम्प हाताने, मग ही पट्टी, मग मागचे रबरी हँगर, इंजिन गरम होऊन थंड झाल्यावर सगळं आवळलं. पट्टी आणि वेल्डिंग २५०. वेल्डिंगवाला आता हसला नाही, "मग माझं कसं चालणार?" म्हणाला.

संध्याकाळी चांदणी चौकाचा चढ दुसऱ्या गिअरला, मुद्दाम ॲक्सिलरेटर दाबत-सोडत. ठक्क नाही. गिअरचा दांडा हलतो, पण हात ठेवला तर जाणवतो इतकाच. आयडल जरासा वाढवला, कारण अगदी कमी आरपीएमवर थरथर आधीपेक्षा थोडी जास्तच आहे. नव्या फाउंडेशनला आणि पॉलियुरेथेनला तेवढं द्यावं लागतं.

११ मे

दिवे घाटातून सासवडला जाऊन आलो, भर उन्हात. परत आल्यावर गाडी थंड होऊ दिली आणि सगळ्या बोल्टांना पाना लावला. डाव्या फाउंडेशनच्या एका बोल्टने पाव फेरा घेतला, बाकी जागच्या जागी. बारचा बोल्ट काढून परत घातला, बोटांनी गेला. रॉकर कव्हरचा मागचा कोपरा कोरडा.

एक नवी कुरकुर निघाली आहे. पंचेचाळीसच्या आसपास तिसऱ्या गिअरला खालून बारीक गुणगुण येते. इंजिन आता पूर्वीपेक्षा वर बसल्याने सायलेन्सरचा पाईप टनेलला (गाडीच्या तळातल्या पन्हळीला) एका जागी टेकतोय, तिथे चकाकी आली आहे. मागचा हँगर एक भोक खाली घ्यायचा आहे. पुढच्या रविवारी.

बारचे बुश करून घेणाऱ्यांनी माप माझ्याकडून मागू नये. आमचे डोळे भरून परत बोअर केलेले आहेत, ते कंपनीच्या मापाचे राहिलेले नाहीत. स्वतःचा बार लेथवाल्याकडे न्या, आधी डोळा गोल करून घ्या, आणि मगच रॉड विकत घ्या.